अध्यक्षबाई, चौथऱ्याखाली थांबा!

घरांना दारं नाहीत म्हणून शनिशिंगणापूर जगभर गाजलं. पण अडवायचंच असेल तर दार लागतं कुठे? जानेवारी २०१६मध्ये अनिता शेटे देवस्थानाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. सगळा कारभार बाईंच्या हाती, फक्त शनीच्या चौथऱ्यावर बाईला बंदी! त्यात अध्यक्षबाई स्वतः परंपरेच्याच बाजूच्या. तिढा सुटला ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला. प्रवरासंगमाचं पाणी घेऊन गावातले पुरुष स्वतःवरचीही बंदी झुगारून चौथऱ्यावर चढले, तेव्हा देवस्थानाने बायकांसकट सगळ्यांनाच वाट मोकळी केली. अध्यक्षबाईंची बढती अशी पुरुषांच्या कावडीतून आली.

आता जिच्या नावाने शिंगणापूरचा हा जिल्हा ओळखला जातो, ती जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक. अहिल्याबाईंचे पती १७५४मध्ये गेले, सासरे १७६६मध्ये, मुलगा १७६७मध्ये. दौलत हाती आली ती त्यानंतर. सासरे मल्हाररावांच्या हाताखाली कारभाराचा अनुभव दांडगा. तरी दिवाण गंगोबातात्यांना बाईंपेक्षा दत्तक मुलगा बरा वाटला! बाईंनी पुढे २८ वर्षं राज्य केलं. (तात्यांच्या नावाने जिल्हा नाही.)

नगरच्या निजामशाहीत खुंजा हुमायून या राजमातेने मुलाच्या नावाने काही वर्षं राज्य चालवलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’च्या चित्रांत ती राजाशेजारी बसलेली होती. ‘होती’, कारण बहुतेक चित्रांतली तिची आकृती कुणीतरी पुसून टाकली आहे. कामाचं श्रेय खोडायची कला जुनीच म्हणायची.

मुख्य सचिवपदाचं काय? महाराष्ट्र १९६०चा, पहिली महिला मुख्य सचिव २०२४ची: सुजाता सौनिक. त्यांच्याच तुकडीतले पती मनोज सौनिक २०२३मध्ये त्या खुर्चीत बसून गेले होते.

आपला जिल्हा साखरेचा, तेव्हा सहकाराकडेही बघू. संचालक जास्तीत जास्त २१, महिलांना राखीव जागा २. कायद्याने दोन ही किमान संख्या सांगितली. पॅनल ठरवणारे तिलाच कमाल समजतात, असं माझं आपलं मत.

आणि चांदबिबी? १५९५-९६मध्ये मोगलांपासून नगरचा किल्ला वाचवला, १६००मध्ये आपल्याच माणसांकडून मारली गेली. शहराजवळच्या डोंगरावर तिच्या नावाचा महाल आहे म्हणून पर्यटक धावतात. तो महाल नाहीच. ती सलाबतखान नावाच्या मंत्र्याची कबर आहे.