सुती कापडावरील ज्वालारोधक प्रक्रिया

वेल्डिंग करणाऱ्या कामगाराला सुती कपडे घालायला सांगतात, पॉलिएस्टरचे नाही. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. सूत वितळत नाही. पण ते चटकन पेट घेते. एखादा पदार्थ जळत राहण्यासाठी ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या मिश्रणात किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, त्या आकड्याला मर्यादी ऑक्सिजन निर्देशांक म्हणतात. सुती कापडाचा निर्देशांक सुमारे १८ आहे आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. म्हणजे ठिणगी विझली तरी पेटलेले कापड जळतच राहते.

परीक्षेत बरेच जण ‘ज्वालारोधक द्रव्य ऑक्सिजन अडवते’ एवढेच लिहून मोकळे होतात. सुताच्या बाबतीत मुख्य काम वेगळेच असते. ते समजण्यासाठी आधी ज्वालेत नेमके काय जळते ते पाहू. तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की सेल्युलोजची साखळी तुटून लेव्होग्लुकोसान तयार होते. त्याचे पुढे विघटन होऊन ज्वलनशील वायू निघतात. जळतात ते हे वायू. त्यांची उष्णता पुन्हा कापडाला मिळते आणि चक्र चालू राहते.

आता फॉस्फरसयुक्त द्रव्य घाला. तापल्यावर त्यातून फॉस्फोरिक आम्ल तयार होते. ते सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी अभिक्रिया करून लेव्होग्लुकोसानचा मार्ग अडवते आणि कमी तापमानालाच सेल्युलोजमधून पाणी काढून घेते. मागे कोळसा उरतो. हिशेब करून पाहा : सेल्युलोजच्या एका एककाचे वस्तुमान १६२. त्यातून पाण्याचे ५ रेणू, म्हणजे ९०, वजा केले तर ७२ एवढा निव्वळ कार्बन उरतो, सुमारे ४४ टक्के. प्रत्यक्षात एवढा आदर्श हिशेब जुळत नाही, पण दिशा हीच. जे इंधन वायू होऊन जळणार होते, ते कापडातच राहते. नायट्रोजनची संयुगे सोबत असतील तर फॉस्फरसचा परिणाम वाढतो.

गे-ल्युसॅकने १८२१ मध्येच अमोनियम फॉस्फेट आणि बोरॅक्स कापडावर वापरून दाखवले होते. अडचण एवढीच की हे क्षार पाण्यात विरघळतात. नाटकाच्या पडद्याला ते चालतात, रोज धुवायच्या कपड्याला नाहीत.

टिकाऊ प्रक्रियेचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात टेट्राकिस हायड्रॉक्सिमेथिल फॉस्फोनियम क्षार आणि युरिया यांचे द्रावण कापडात मुरवतात, मग अमोनिया वायू देतात आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण करतात. तयार झालेले बहुवारिक तंतूच्या आत अडकून बसते. सेल्युलोजशी बंध करावा लागत नाही. (म्हणूनच याला ‘पृष्ठप्रक्रिया’ म्हणणे मला नेहमी अपुरे वाटते.) दुसऱ्यात एन-मेथिलॉल गट असलेले फॉस्फोनेट आम्ल उत्प्रेरकासह सुमारे १५० अंशांना भाजून सेल्युलोजला सहसंयुज बंधाने जोडतात. आम्ल आणि उष्णता यांमुळे कापडाची ताकद घटते आणि फॉर्मल्डिहाइड सुटण्याचा प्रश्नही राहतो.

एवढे करूनही धुलाई चुकली तर संरक्षण कमी होते. क्लोरीनच्या ब्लीचने प्रक्रिया खराब होते. जड पाण्यात साबण वापरला तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे साबण तंतूंवर साचतात, आणि तो थर स्वतःच जळतो. त्यामुळे टिकाऊ म्हणून विकायचे कापड आधी ठरलेल्या वेळा धुतात आणि मगच ज्वाला लावून तपासतात.