लेकीची पहिली मोटार

आमच्या घरात मोटारीचा विषय तीस वर्षे निघत होता आणि तीस वर्षे मी तो मोडून काढीत होतो. बँकेच्या नोकरीत उभा जन्म गेला. दुसऱ्यांची कर्जे मंजूर करता करता स्वतः कर्ज काढावयाचे नाही, हा एकच धडा मी शिकलो. "आपल्या घरापुढे रिक्षा मिळते, बस मिळते, मोटार म्हणजे दारात बांधलेला हत्ती," हे माझे ठरलेले वाक्य होते. सौ.ला ते पाठ झाले होते. मुले तर मी तोंड उघडले की ते माझ्याआधीच म्हणत.

वास्तविक मोटारीचे मला वावडे नव्हते. मामाच्या फियाटवर मी हात साफ केला होता. 1089 सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बाकासारखी सलग बैठक. पहाटे मामा शेजारी बसून विडी ओढी आणि मी गिअर शोधी. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि बघता बघता मध्यमवर्गाच्या स्वप्नाला चार चाके लागली. माझ्या बरोबरीच्या किती जणांनी ती घेतली! मी मात्र मुदतठेवीच्या पावत्या मोजीत राहिलो.

धाकटी अभियंता झाली, चाकणजवळच्या एका लहानशा कारखान्यात लागली. आम्ही निगडीला राहतो. जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर. कारखान्याची बस नाही, आणि दुसऱ्या पाळीला सुटायला रात्रीचे अकरा वाजायचे. नोकरीला लागून वर्ष झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी एक लहान मोटार घेऊ का? थोडे तुम्ही घाला, थोडे मी घालीन."

मी हत्तीचे वाक्य म्हटले. ती हसली आणि स्कूटरची किल्ली घेऊन निघून गेली.

2024 च्या जुलैतली गोष्ट. रात्री साडेअकराला फोन आला. नंबर अनोळखी, आवाज अनोळखी. मोशीजवळ पावसात खड्डा दिसला नाही, स्कूटर घसरली आणि ती नाशिक रस्त्याच्या मधोमध पडली. मागून कंटेनर येत होता. ड्रायव्हरने सारे बळ एकवटून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा तिच्यात नि पुढच्या चाकात चार फुटांचे अंतर होते.

तो ड्रायव्हर बीडकडचा. त्यानेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात आणले आणि मी पोहोचेपर्यंत ओल्या कपड्यांनी बाकावर बसून राहिला. मनगटाचे हाड मोडले होते. हेल्मेटमुळे डोके वाचले होते. मी त्याचे हात धरले. पैसे देऊ लागलो तर त्याने ते मागे सारले. म्हणाला, "सायेब, माझी बी पोर एवढीच हाय. पैसं ऱ्हाऊ द्या. पोरीला चार चाकाची गाडी घिऊन द्या. या रस्त्याला दोन चाकावर काय बी खरं न्हाई."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुदतठेवीच्या पावत्या कपाटात सुरक्षित होत्या.

हौस आणि हिशेब

दुसऱ्या महिन्यात मीच विषय काढला. सौ.ला वाटले, मला बरे नाही. पण बँकेचा माणूस हळवा झाला तरी हिशेब सोडीत नाही. मी वही उघडली.

तरुण मुला-मुलींसाठी मोटार घेताना लोक मोटारीची किंमत बघतात. बघावयाचा असतो महिन्याचा खर्च. हप्ता, पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती या चारही गोष्टी मिळून पगाराच्या एक-तृतीयांशापलीकडे जाऊ नयेत, असा मी नियम घातला. तिचा पगार 38,000. तिची शिल्लक दीड लाख. मी पावणेदोन लाख द्यावयाचे ठरवले. सगळे देतो म्हणालो तर तीच ऐकेना. "मोटार माझी, तर हप्ताही माझाच," म्हणाली. उरलेले दोन लाख बँकेचे कर्ज, तीन वर्षांच्या मुदतीने. हप्ता सुमारे 6,650. मोटारीसह सगळा खर्च सव्वापाच लाखांत बसला पाहिजे.

आता आवडीचा प्रश्न. माझे मत: नवी कोरी, सर्वांत स्वस्त, सर्वांत लहान इंजिनाची. तिचे मत: "बाबा, मोटार चालवताना मजा आली पाहिजे." मी चिडलो. मजा म्हणजे वेग, असा माझा समज. मग तिने मला समजावले. ती यंत्रशास्त्र शिकलेली आणि मी खतावणी शिकलेला. ऐकणे भाग होते. म्हणाली, "मजा वेगात नसते. स्टिअरिंग जेवढे वळवावे तेवढीच मोटार वळावी, वळणावर ती डोलू नये, ब्रेक दाबल्यावर सरळ रेषेत थांबावी. हातात नेमकेपणा असला की पन्नासच्या वेगातही मजा येते." थोडा विचार केल्यावर माझ्या ध्यानात आले, की ती ज्याला मजा म्हणत होती, त्यालाच मी सुरक्षितता म्हणत होतो.

वेगाचा हिशेब मात्र मी तिच्याकडून लिहून घेतला. ताशी 40 च्या वेगात मोटार सेकंदाला 11 मीटर जाते; 80 च्या वेगात 22 मीटर. माणसाचा पाय ब्रेकवर जाईतो सेकंदभर तरी जातोच. पुढे ब्रेक लागल्यावरही वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हा कागद अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

ताऱ्यांची भानगड

हल्ली मोटारींना हॉटेलांसारखे तारे देतात. 2014 च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान मोटारी ताशी 64 किलोमीटरच्या वेगाने आदळवून पाहिल्या. एअरबॅगा नसलेल्या त्या पाचही मोटारींना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले! त्या पाचांत फोक्सवॅगनची पोलो होती. तीच पोलो दोन एअरबॅगांसह पुन्हा आदळवली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. पत्रा तोच, आत दोन पिशव्या वाढल्या, आणि माणूस वाचण्याची आशा एवढी वाढली.

मात्र जुने नि नवे तारे एका तराजूत घालू नयेत. तेव्हाची परीक्षा फक्त समोरच्या धडकेची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये बाजूच्या धडकेचीही परीक्षा होते. म्हणून तारे वाचताना त्यांचे सालही वाचावे.

पोलो आमच्या मनात भरण्याला दुसरेही कारण होते. ही मोटार चाकणलाच तयार होत असे. 2010 पासून बारा वर्षे ती तिथून बाहेर पडली आणि 2022 साली बंद झाली. म्हणजे नवी मिळणे नाही. घ्यावयाची तर जुनी. आणि जुनी मोटार म्हटले की माझ्या पोटात गोळा.

मेस्त्रींची शाळा

आमच्या चौकातले गॅरेजवाले मेस्त्री या कामी गुरू लाभले. एका रविवारी एका जुन्या मोटारींच्या दुकानात आम्ही तिघे गेलो. तिथे लालभडक पोलो जी.टी. उभी होती. 1.2 लिटरचे टर्बो इंजिन, 105 अश्वशक्ती, गिअर आपोआप बदलणारे. किंमत फक्त 4,10,000. मुलीचे डोळे चमकले. मी म्हटले, "एवढी शक्ती कशाला?" ती म्हणाली, "बाबा, एकदा चालवून तर बघू!"

मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या सीटचा पट्टा ओढला. ओढला तो शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या टोकाशी मातीची फिकट रेघ होती. मग डिकीतले जादा चाक उचलले, खाली गंज. पायाखालचे गालिचे वास घेऊन पाहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "साहेब, ही पुरात बुडालेली गाडी आहे. वरून चकाचक केलीय. वायरिंग आज चालेल, उद्या रात्री हायवेवर बंद पडेल." मुलीचा चेहरा उतरला. रात्री हायवेवर बंद पडणे म्हणजे काय, हे तिला कोणी सांगावयाला नको होते.

मेस्त्रींचे बाकीचे धडे वाचकांच्या उपयोगी पडावेत म्हणून देतो. मोटार पहावयाला सकाळी जावे आणि बॉनेटला आधी हात लावावा. ते गरम असेल तर मालकाने इंजिन मुद्दाम तापवून ठेवले आहे असे समजावे. खोड असलेले इंजिन थंड असतानाच कुरकुरते. दारांच्या नि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पहावे. बिजागरीच्या बोल्टचा रंग उडाला असेल तर तो भाग कधीतरी उघडला आहे. टायरवर चार आकड्यांची खूण असते. 2218 असेल तर टायर 2018 च्या बाविसाव्या आठवड्यातला. किलोमीटरचा आकडा लहान आणि पेडलचे रबर झिजलेले असेल, तर आकड्यावर नव्हे, रबरावर विश्वास ठेवावा. सर्व्हिसची कागदपत्रे मागावीत, आर.सी.वर कर्जाचा बोजा आहे का ते पहावे, दंड थकले आहेत का ते पहावे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. विम्याचे नावही चौदा दिवसांत बदलून घ्यावयास अर्ज करावा. आधीच्या मालकाने क्लेम न करून मिळवलेली सूट त्याच्याबरोबर जाते, मोटारीबरोबर येत नाही. त्यामुळे विम्याचा आकडा थोडा वाढतो.

अशा नऊ मोटारी पाहिल्या. दहावी, 2018 ची पांढरी पोलो, चिंचवडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे होती. 1 लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, 76 अश्वशक्ती, दोन एअरबॅगा, ए.बी.एस., हाताने बदलावयाचे गिअर. सगळी बिले फाइलीत तारीखवार लावलेली. ती फाइल पाहूनच मी अर्धा विकत घेतला गेलो. मेस्त्रींनी पट्टा शेवटपर्यंत ओढला. टोक कोरे होते. "इंजिन जरा शांत आहे, पण अंग घट्ट आहे," ते म्हणाले. "फक्त सुटे भाग थोडे महाग पडतात, ते धरून चाला." नव्या शिकाऊ हाताला याहून काय हवे? शक्ती बेताची, बांधणी भक्कम.

सौदा 4,85,000 ला झाला. टायर जुने होते, चारही बदलले: 23,000. विमा 14,000. नाव बदलण्याचा खर्च 3,000. बेरीज सव्वापाच लाख, ना एक पैसा इकडे, ना तिकडे! 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा जी.एस.टी. 28 टक्के आणि वर उपकर होता तो उतरून 18 टक्के झाला, तेव्हा शेजारी म्हणाले, "थोडे थांबला असता तर नवी मिळाली असती." मी म्हटले, "थांबलोच होतो, तीस वर्षे."

घाटातला धडा

2025 च्या जानेवारीत नारळ फुटला, चाकांखाली लिंबे चिरडली. पहिल्या रविवारी आम्ही कात्रजच्या जुन्या घाटाने निघालो. ती चालवीत होती, मी शेजारी, सौ. मागे. मी मामाचा एकुलता एक धडा तिला दिला: "ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरावयाचा. आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यावयाची." ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा," आणि तिसऱ्या वळणावर गिअर दुसऱ्यात टाकून मोटार अशी काही अलगद वळवली की मागून सौ.ने "अगोबाई!" म्हटले, भीतीने नव्हे, कौतुकाने. वेगाचा काटा पस्तीसवर होता. बोगद्यातून बाहेर पडलो, समोर शिवापूरचे खोरे उघडले, आणि मी किती वेळ हाताने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती ते मला तेव्हा समजले. मी ती सोडली.

महिन्याच्या खर्चात एक गंमत झाली. तिच्या कारखान्यातल्या आणखी दोघी आमच्याच बाजूच्या, त्याही स्कूटरवर जायच्या. आता तिघी एकत्र जातात आणि पेट्रोल वाटून घेतात. सुमारे सात हजारांचे पेट्रोल तिला सव्वादोन-अडीच हजारांना पडते. हप्ता, विमा, दुरुस्ती धरून साडेअकरा-बारा हजार. पगाराच्या एक-तृतीयांशात बसले. पण माझ्या वहीत खरी जमा वेगळीच आहे: त्या रस्त्यावरून तीन मुली दोन चाकांवरून चार चाकांवर आल्या.

2025 च्या दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, मोटारीला झेंडूची माळ घातली. मुलीने आतून आपले जुने, एका बाजूने खरवडलेले हेल्मेट आणले आणि तेही पूजेत ठेवले. कोणी काही बोलले नाही. हळदकुंकू वाहून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्या काकांना फोन लावू या."

नंबर मी जपून ठेवला होता. कंटेनर कुठेतरी सुरतेच्या वाटेवर होता. मी ओळख सांगितली, मोटार घेतल्याचे सांगितले. पलीकडे क्षणभर नुसता इंजिनाचा आवाज. मग तो म्हणाला, "लई ब्येस केलं, सायेब. पोर पट्टा लावती न्हवं?"

"लावते," मी म्हटले.

"आन् मागं बसत्यात त्या?"

मी मुलीकडे पाहिले. ती हसली, आणि मग थोडी ओशाळली. मागच्या सीटचे पट्टे बैठकीखाली दडपलेले होते. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ते बाहेर काढले, ओढून पाहिले, शेवटपर्यंत ओढून पाहिले, आणि पुसून जागेवर लावले.