घर विकायचे आहे, घरची गोष्ट नाही

अब्बांच्या बायपासचा खर्च समोर आला, तेव्हा आम्ही मिरजेतला राहता फ्लॅट विकायला काढला. एजंट घरी आले. चहा झाला आणि गप्पांतूनच प्रश्न सुरू झाले. ‘सर, विकताय कशासाठी? बँकेचे किती बाकी? भाभी नोकरी करतात का? पैसे कधीपर्यंत हवेत?’ आम्ही पडलो शिक्षक. विचारले की उत्तर द्यायची सवय. सगळे सांगून बसलो.

चौथ्या दिवशी पार्टी आली. आमचा भाव ३२ लाखांचा. घर नीट पाहण्याआधीच ते म्हणाले, ‘ऑपरेशन आहे ना तुमच्याकडे? २७ घ्या, आठवड्यात इसार देतो.’

रात्री हिशेब मांडला. दलाली १ टक्का ठरली होती. म्हणजे २७ लाखांत सौदा झाला तर एजंटचे ५ हजार बुडणार, आमचे ५ लाख. त्यांना सौदा लवकर व्हायला हवा, आम्हाला भाव हवा. माणूस वाईट नसेलही. पण आपली अडचण सांगायची जागा ती नव्हती.

मग सगळेच लपवायचे का? अजिबात नाही. घराचा ऐब लपवणे कायद्यालाही मान्य नाही आणि दीनलाही. बाथरूमची गळती, सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, बँकेचा बोजा हे आधीच सांगावे. मात्र घराची माहिती वेगळी आणि घरच्यांची वेगळी.

दुसऱ्या एजंटशी बोलताना आम्ही ही रेघ पाळली. ‘का विकता?’ ‘कौटुंबिक निर्णय आहे.’ ‘कर्ज किती?’ ‘कर्ज आहे, हे पार्टीला जरूर सांगा. बाकी रकमेचे बँकेचे पत्र इसाराच्या वेळी दाखवू.’ ‘शेवटचा भाव?’ ‘पार्टी समोर बसली की बोलू.’ फ्लॅट कितीला घेतला होता, हे मात्र खरे सांगितले. इंडेक्स टू काढला की ते कुणालाही दिसते.

‘थोडी रोकड चालेल?’ याला साफ नकार द्यावा. घराच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. पॅन-आधारची झेरॉक्सही पहिल्या भेटीत देऊ नये. सौदा पक्का झाल्यावर, प्रतीवर कारण व तारीख लिहून द्यावी.

ऑपरेशन थांबणार नव्हते. मामूंनी कर्जे हसना दिले म्हणून आम्हाला दोन महिने थांबता आले. फ्लॅट ३० लाख ७० हजारांना गेला. त्यातून बँकेचे आणि मामूंचे पैसे आधी चुकते केले. आता आम्ही भाड्याने राहतो. अल्हम्दुलिल्लाह, अब्बा फज्रनंतर गच्चीवर फेऱ्या मारतात.

तुमच्याकडेही एजंट येतील, आपुलकीने विचारतील. चहा जरूर पाजा. घराचे सगळे खरे सांगा. घरातले घरातच राहू द्या.