रेवसचा खेकडा आणि फॉर्मॅलिनची बाटली

ओहोटी लागली की रेवसच्या बंदराजवळच्या कांदळवनात चिखल उघडा पडतो. निवट्या उड्या मारू लागतात आणि एकच चिमटा भलामोठा असलेले नर खेकडे बिळाच्या तोंडाशी तो हलवत उभे राहतात. हे पाहून एखाद्या विद्यार्थ्याने घरच्या टेबलावर छोटी प्रयोगशाळा मांडली तर कौतुकच करावं. किनाऱ्याची कितीतरी माहिती अशाच हौशी माणसांनी जमवली आहे. फक्त त्या टेबलावर फॉर्मॅलिन नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

2018 च्या जुलैत गोव्यात मासळीतल्या फॉर्मॅलिनवरून गदारोळ झाला आणि परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी आली, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. बाजारातलं फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, साधारण 37 टक्के. नमुने ठेवताना त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी घालतात. त्याला 10 टक्के फॉर्मॅलिन म्हणतात, पण प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड असतं जेमतेम 4 टक्के. या हिशेबात नवखा माणूस सहज चुकतो आणि द्रावण दुपटीने जहाल बनतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावतं. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नव्हे. साध्या कापडी किंवा सर्जिकल मास्कने ती अडत नाही.

कॉलेजात तर वर्षानुवर्षं हेच वापरतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण तिथे वाफ ओढून घेणारं कपाट, देखरेख आणि टाकाऊ द्रावणाची सोय असायला हवी, आणि घरच्या खोलीत यातलं काहीच नसतं. शिवाय खेकड्यासाठी फॉर्मॅलिन मुळात सोयीचंच नाही. ते हळूहळू आम्लधर्मी होतं, कवचातला चुना खातं, पाय ठिसूळ होऊन गळतात. पुढे डीएनए तपासायचा झाला तर तोही खराब झालेला असतो. कवचधारी प्राणी म्हणूनच 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. जेलीफिशसारख्या मऊ जिवांना फॉर्मॅलिनच लागतं हा आक्षेप रास्त आहे. मग हौशी माणसाने त्यांचे फोटो काढावेत, तारीख आणि जागा टिपावी आणि त्यांना पाण्यातच राहू द्यावं.

अल्कोहोलही निर्धोक नाही. त्याच्या 70 टक्के द्रावणाची वाफ सतराएक अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते, आणि रेवसला उन्हाळ्यात पारा त्याच्या कितीतरी वर असतो. बरणी घट्ट झाकणाची हवी, तीही गॅसपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब. शिंपले पांढरे करण्याच्या नादात ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करणं तर त्याहून वाईट: क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतं. डोळ्यात काही उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि मगच अलिबागच्या दवाखान्याचा रस्ता धरायचा.

घरात फॉर्मॅलिनची जुनी बाटली असेलच, तर झाकण घट्ट करा, नाव लिहून चिकटवा आणि जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला विचारून तिची विल्हेवाट लावा. धरमतरच्या खाडीत ओतू नका. कोळंबीची पिल्लं तिथेच वाढतात.