पैलवानाने घडवलेला खांब

दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात निजामाचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. उमरी, नांदेड हा आपला सगळा मुलूख तेव्हा निजामाचाच. म्हणजे आव्हान आपल्या बाजूने गेले होते. ते स्वीकारले बाळंभटदादा देवधर या कोवळ्या वयाच्या पैलवानाने. परंपरा सांगते, की तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले आणि तिथे लाकडावर चढण्या-उतरण्यात तरबेज असलेल्या माकडाकडून त्यांना मल्लखांबाची युक्ती सापडली. परतल्यावर त्यांनी एकाला चीत केले. दुसरा हौद्यात उतरलाच नाही.

माकडाची गोष्ट आख्यायिका म्हणून सोडून देता येईल, खांब मात्र सोडता येत नाही. खरे तर मल्लस्तंभ जुनाच. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि तो ग्रंथ चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे निलंग्यापलीकडचे आजचे बसवकल्याण. तरीही विस्मरणात गेलेल्या खांबाला व्यायामशास्त्र म्हणून उभे करण्याचे श्रेय माझ्या मते निर्विवादपणे दादांचे आहे.

कुस्ती खेळणाऱ्यालाच सुचावे असे हे साधन आहे. सागाचा किंवा शिसवाचा गुळगुळीत खांब, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट. बुंध्याचा घेर सुमारे ५५ सेंटीमीटर. तो वर निमुळता होत जातो. या भागाला अंग म्हणतात. त्यावर बारीक मान आणि टोकाला बोंड. जाड अंगाला मांड्यांची पकड बसते, मानेला हाताची किंवा पायाची अढी पडते आणि बोंडावर तोल साधत उभे राहता येते. डंबेल्समध्ये वजन हलते; इथे खांब स्थिर, सगळे शरीर त्याच्याभोवती फिरते. वर एरंडेलाचा हात फिरवलेला असतो. त्यामुळे कातडी सोलत नाही, पण पकड ढिली पडली की खेळाडू घसरतो. जोडीदार नसतानाही डावाची पकड घोटून घेणारा दुसरा गुरू मला तरी माहीत नाही. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे ही खांबावरच्या प्रकारांची नावे आखाड्यातली पोरे आजही बोलतात.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर दादा पेशव्यांबरोबर ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेले. शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी ही विद्या काशीत रुजवली. वेताचा मल्लखांब आला, पुढे वेताच्या जागी सुती दोर आला, आणि त्यावर मुली चमकू लागल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने मल्लखांब जगाला दाखवला. २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली.

लातूर जिल्ह्याच्या रामलिंग मुदगडने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला. कुस्तीवर जीव टाकणारा हा भाग आहे. किनवटच्या जंगलात साग आहे, एरंडी तर बांधावर उगवते. उमरी तालुक्यातल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी तालमीशेजारी एकेक खांब पुरावा, आणि मुलींसाठी दोरही टांगावा.