केसांची तक्रार तीन महिने उशिरा येते

दुपारी बोईसरचा बाजार उरकून मावशी किनाऱ्यावरच्या मुरबे गावी परतल्या. रिकामी पाटी दाराशी पालथी घातली, ओटीवर टेकल्या आणि अंबाड्यातला आकडा काढून केस मोकळे सोडले. एकदा फणी फिरवली तर फणीत केसांचा पुंजका. तो बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "बघ बाय, रोज एवढे निघतात. तीन तेलं बदलली, शाम्पू बदलला. आता टक्कलच पडायचं राहिलंय."

डिसेंबर चालू होता. मी विचारलं, "मावशी, गणपतीच्या सुमारास तब्येत कशी होती?"

"गणपतीत? टायफॉइड झालेला. पंधरा दिवस अंथरुणात होते. पण त्याचा नि केसांचा काय संबंध?"

संबंध तिथेच आहे. आपण आजच्या गळतीचं कारण आजच्या तेलात, आजच्या पाण्यात शोधतो. ते कारण बहुतेक वेळा दोन-तीन महिने मागे असतं. एवढं कळलं तरी बायकांचे पुष्कळ पैसे आणि त्याहून जास्त घोर वाचेल, म्हणून हा लेख.

केस उशिरा का गळतात?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग त्याची वाढ थांबते, दोन-तीन महिने तो नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस उगवतो. हे चक्र प्रत्येक केसाचं वेगळं चालतं, म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं अगदी स्वाभाविक आहे. लांब केसांचा पुंजका मोठा दिसतो, एवढंच.

मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, घाईघाईने घटवलेलं वजन किंवा घरातला मोठा आघात, अशा वेळी शरीर हाताशी असलेली ताकद जगण्याच्या कामाला लावतं. पुष्कळसे केस मग एकदम वाढ थांबवतात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. कोरोनातून बरं झाल्यावर कितीतरी जणींनी हे अनुभवलं. "बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात," असं जुन्या बायका म्हणतात. बाळ हसायला लागतं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि बाळंतपणानंतरची गळतीही त्याच सुमारास सुरू होते. निरीक्षण अचूक होतं, दोष मात्र हसऱ्या बाळाचा नाही. ही गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तेल बदललं म्हणून थांबली असं वाटतं, पण ती थांबायचीच असते.

फणीतला केस नीट बघा

उजेडात एक केस हातात घ्या. टोकाला बारीकसा पांढरा ठिपका दिसला तर तो मुळातून गळलेला केस. ठिपका नाही, केस आखूड आहे आणि टोक ओबडधोबड आहे, तर तो मधेच तुटला आहे. गळणं आणि तुटणं हे दोन वेगळे त्रास आहेत. गळण्याचं कारण शरीरात शोधायचं, तुटण्याचं आपल्या सवयीत.

ओले केस खसाखसा पुसणं, ओल्यावरच बारीक फणी ओढणं, रोजची गरम इस्त्री यांनी केस तुटतो. घट्ट अंबाड्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे रोजची ओढ थेट मुळावर पडते आणि कपाळाच्या कडेचे, कानांवरचे केस विरळ होत जातात. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बायकांच्या टाळूवर शिवाय चुंबळीचा दाब आणि घर्षण असतं. वेळीच ओढ कमी केली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं तशीच चालू राहिली तर ती जागा कायमची मोकळी होते. म्हणून अंबाडा सैल घाला, भांग अधूनमधून बदला, चुंबळीचं कापड मऊ सुती ठेवा आणि ते धुऊन उन्हात वाळवा.

तेलाआधी रक्त

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. म्हणजे केस गळतात म्हणून हळहळणाऱ्या दोघींपैकी एकीचं रक्तच कमी असण्याचा संभव आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की ती कमतरता समजतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह संपलेलं असू शकतं, ते फेरिटिनच्या तपासणीत कळतं. गळती लांबली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. लोहाच्या गोळ्या सरकारी उपकेंद्रात मोफत मिळतात.

किनाऱ्यावरच्या बाईला तर औषधाच्या बरोबरीचं अन्न दाराशी आहे. ओहोटीला खडकांवरून फोडून आणलेली कालवं जस्ताने आणि लोहाने भरलेली असतात. शिंपल्यांतही लोह भरपूर. जवळा आणि सुक्या बोंबलातून भरपूर प्रथिनं मिळतात, आणि केस म्हणजे मुळात प्रथिनांचाच धागा. अडचण ताटाची आहे. सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेल्या कालवणावर भागवणाऱ्या बाईच्या केसांना कुठलं तेल पुरणार? आणखी एक गोष्ट, जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर थांबा.

तेल काय करतं, काय करत नाही

खोबरेल तेलावर आपल्या लोकांची श्रद्धा आहे आणि ती अर्धी खरी आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुण्या-विंचरण्यात केसातलं प्रथिन झिजतं, ती झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही हा निष्कर्ष उपयोगाचा आहे. नहाण्याआधी केसांच्या लांबीवर खोबरेल लावा, केस कमी तुटतील. पण तेल मुळाला जेवू घालत नाही. मुळाचं जेवण रक्तातून येतं.

कोंडा असेल तर मात्र तेल हात राखून लावा. टाळूवर राहणारी एक बुरशी त्वचेच्या स्निग्धतेवर जगते. "डोकं कोरडं पडलंय" म्हणून आपण तेल थापतो आणि तिला खाऊ घालतो. केमिस्टकडे मिळणारा किटोकोनाझोलचा 2 टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावावा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवावा. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. पावसाळ्यात ओल्या केसांचा अंबाडा तर नकोच.

उवांसाठी ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतून लिखांची फणी फिरवत राहणं हा खरा उपाय. सोबत 1 टक्क्याचं परमेथ्रिन लावलं तर सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावं, कारण मधल्या काळात राहिलेल्या लिखा फुटतात. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. रॉकेल कधीही लावू नका. ते त्वचा भाजतं आणि पेट घेतं.

पाण्याचा दोष किती?

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं: इथलं पाणीच वाईट. बोअरच्या जड पाण्याने किंवा खाडीकडच्या मचूळ पाण्याने केस चरचरीत होतात, साबणाचा थर बसतो, केस लवकर तुटतात. शेवटचा एक तांब्या गोड पाण्याचा घेतला तरी फरक पडतो. पण मूळ असतं त्वचेच्या आत, वरून ओतलेलं पाणी तिथे फारसं पोचत नाही.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केसगळतीने हादरली. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, केस आणि खाण्यातला गहू तपासून घेतला आणि गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमवर बोट ठेवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं तर केसच जातात. 'केसांसाठी' म्हणून मनाने गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं.

चुकीच्या कारणाचं याहून क्रूर उदाहरण म्हणजे जट. आजारपणात केस विंचरले-धुतले गेले नाहीत की गुंता होतो आणि तो घट्ट होत जातो. त्याला देवीचं बोलावणं म्हटलं की बाई आयुष्यभर ते ओझं मानेवर वाहते. पुण्याच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांची समजूत घालून त्यांच्या जटा कापल्या. कात्री चालवणं त्यातलं सोपं काम. त्याआधी घरातल्यांची भीती उतरवावी लागते.

डॉक्टरकडे कधी?

रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, भांग रुंद होत चालला, टाळूला पू किंवा खूप खाज आली, किंवा पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस येऊ लागले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. रुंदावणाऱ्या भांगावर मिनॉक्सिडिलसारखं औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि महिनोन्‌महिने लावावं लागतं. गरोदरपणात ते चालत नाही. काळी मेंदी किंवा डाय लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबा, अ‍ॅलर्जी असेल तर तिथेच कळेल.

मावशींना त्या दिवशी मी एवढंच सांगितलं: रक्त तपासा, अंबाडा सैल घाला, वाट बघा. शिमग्याला पुन्हा मुरब्याला गेले तेव्हा त्या थोड्या नाराज होत्या. "बघ, आता तर तुटायला लागलेत," म्हणत त्यांनी कपाळाकडे बोट दाखवलं. समुद्राच्या वाऱ्यावर पेरभर लांबीचे केस ताठ उभे होते. एक चिमटीत धरून उन्हात पाहिला. टोक ओबडधोबड नव्हतं. कोवळ्या गवतासारखं निमुळतं होतं.

"मावशी, हे तुटलेले नाहीत. हे नवे आहेत."

त्यांनी आरसा मागवला.