फ्लॅश अनेक, हिशेब एकेकाचा

वसई पूर्वेकडील एव्हरशाईन सिटीसारख्या दाट वस्तीच्या वसाहतीत आणि तिच्या आसपास, जिथे लग्नसराईच्या एकाच संध्याकाळी एका हॉलमध्ये शालू नेसलेली नवरी आणि दुसऱ्यात पांढरा गाऊन ल्यालेली ख्रिस्ती वधू स्टेजवर उभी असू शकते, तिथे छायाचित्रकाराच्या बॅगेत दोन-तीन बिनतारी फ्लॅश असणे ही आज नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. उपकरणे सर्वांच्या आवाक्यात आली. त्यांच्याविषयीचे समज मात्र ऐकीव राहिले, आणि ज्या कुटुंबाच्या आयुष्यात तो प्रसंग पुन्हा यावयाचा नसतो त्याला या समजांची किंमत मोजावी लागते, म्हणून त्यांची नीट छाननी होणे अगत्याचे आहे.

सर्वांत दृढमूल समज असा, की कॅमेऱ्यातील मापकाचा काटा मध्यावर आला म्हणजे फ्लॅशसकट सगळा प्रकाश बरोबर झाला. वस्तुतः कळ दाबण्यापूर्वी फ्लॅश पेटलेलाच नसतो. तो काटा केवळ हॉलमधील दिव्यांचे माप सांगतो. अशा प्रत्येक चित्रात दोन स्वतंत्र एक्स्पोजर एकत्र नांदत असतात: हॉलच्या प्रकाशाचे, जे छिद्र, आयएसओ आणि शटर या तिहींवर अवलंबून असते, आणि फ्लॅशचे, जे छिद्र, आयएसओ, फ्लॅशची पॉवर आणि फ्लॅशचे अंतर यांवर ठरते. या दुसऱ्या यादीत शटर नाही. कमी पॉवरवरील फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपते आणि तेवढ्या अवकाशात शटर पूर्ण उघडे असते. त्यामुळे १/२०० ऐवजी १/६० ठेवले, तर स्टेजमागची रोषणाई पावणेदोन स्टॉपांनी उजळते, पण फ्लॅशने उजळलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शटर वाढविले की फ्लॅश कमी पडतो, या समजाला एके काळी आधार होता. होमाई व्यारावाला यांच्या पिढीतील वृत्तछायाचित्रकार एकदाच जळणारे बल्ब वापरीत. ते बल्ब तुलनेने सावकाश जळत, आणि जलद शटर त्यांचा प्रकाश खरोखरीच कापून टाकी. आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या बाबतीत हा नियम फक्त कॅमेऱ्याची १/२०० किंवा १/२५० ही सिंक-मर्यादा ओलांडून हायस्पीड सिंक वापरताना लागू पडतो, आणि तेव्हा फ्लॅशची बरीच ताकद खर्ची पडते.

दुसरा समज अंतराचा. छायाचित्रकार चार पावले मागे सरकला, की सवयीने पॉवर वाढवितो. कॅमेऱ्यावर बसविलेल्या फ्लॅशपुरते ते योग्यच आहे. परंतु स्टँडवरचा फ्लॅश जागचा हलला नसेल, तर कॅमेरा कुठे आहे याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते फ्लॅश आणि माणूस यांमधील अंतराला, आणि तेही त्याच्या वर्गाला. स्टेजवर घरच्या मंडळींची रांग उभी आहे, फ्लॅश कडेच्या काकांपासून २ मीटरवर आणि दुसऱ्या टोकाच्या मावशींपासून ५ मीटरवर आहे, असे समजू. काकांवर मावशींच्या सव्वासहा पट प्रकाश पडेल. म्हणजे अडीच स्टॉपांहून अधिक फरक, जो कोणत्याही संगणकीय दुरुस्तीने सुखासुखी निभत नाही. तोच स्टँड ३ मीटर मागे नेला, तर ही अंतरे ५ आणि ८ मीटर होतात आणि फरक अडीच पटींवर, म्हणजे जेमतेम दीड स्टॉपाच्या आत येतो. मात्र काकांवर पूर्वीइतकाच प्रकाश हवा असेल, तर पॉवर १/८ वरून जवळजवळ पूर्णावर न्यावी लागते. बॅटरी लवकर उतरते, फ्लॅश पुन्हा भरण्यास वेळ लागतो. हा व्यवहार डोळसपणे पत्करावयाचा असतो.

टीटीएल म्हणजे चूक होण्याचा प्रश्नच नाही, हा समज विशेषतः ख्रिस्ती विवाहांत घातक ठरतो. टीटीएल पद्धतीत फ्लॅश आधी एक क्षीण चमक सोडतो, परत आलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि समोरचे दृश्य साधारण करड्या रंगाचे असावे असे गृहीत धरून पॉवर ठरवितो. चौकट पांढऱ्या गाऊनने भरली, की तो हात आखडता घेतो आणि गाऊन मळकट दिसतो. काळ्या सुटाने भरली, की वराचा चेहरा जळून निघतो. त्यातही कॅमेऱ्याला कळते ते परत आलेल्या प्रकाशाचे प्रमाण. कापड पांढरे आहे की प्रकाशच प्रखर आहे, याची उमज त्याला नसते. वरात चालू आहे, माणसे सतत हलत आहेत, तिथे टीटीएलचा अवलंब अवश्य करावा. स्टेजवर जिथे माणूस आणि फ्लॅश दोन्ही स्थिर आहेत, तिथे मॅन्युअलच श्रेयस्कर, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लॅश वाढले की प्रकाशही त्याच हिशेबाने वाढतो, हेही अर्धसत्य आहे. एकाच जागी सारख्या ताकदीचे दोन फ्लॅश लावले, तर एक स्टॉप मिळतो. दुसरा स्टॉप मिळविण्यास चार लागतात. आणि निरनिराळ्या जागी लावलेल्या फ्लॅशांचा प्रकाश जिथे एकमेकांवर पडतो, तिथेच त्यांची बेरीज होते. म्हणून माप घेताना एका वेळी एकच फ्लॅश चालू ठेवावा. छत्रीतल्या मुख्य फ्लॅशचे माप हातातल्या लाइट मीटरने एफ ५.६ आले आणि सावली भरण्यासाठी समोरून लावलेल्या दुसऱ्याचे एफ ४, तर दुसरा पहिल्याच्या निम्मा. उजळ गालावर दोहोंची बेरीज दीडपट होते आणि सावलीच्या गालावर एकट्या दुसऱ्याचाच अर्धा वाटा पडतो. गुणोत्तर ३:१ झाले, चेहऱ्याला गोलाई आली. परंतु एकूण प्रकाश अर्ध्या स्टॉपाहून किंचित वाढला, तो छिद्र लहान करून आवरावा लागतो. केसांमागचा तिसरा फ्लॅश चेहऱ्यावर पडत नाही, म्हणून तो या बेरजेत धरावयाचा नाही. मीटर नसेल, तर हिस्टोग्राम पाहावा. नुसत्या पडद्यावरील चित्रावर विसंबू नये, कारण अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेऱ्याचा पडदा नेहमीच वास्तवाहून उजळ भासतो.

दोन फ्लॅशांवर १/४ हा एकच आकडा दिसला, म्हणजे त्यांचा प्रकाशही सारखा, असेही नव्हे. झूम, छत्री आणि फ्लॅशची जात यांनी तो बदलतो.

शेवटची बाब एक्स्पोजरची नसूनही एक्स्पोजरची चूक भासते. शेजारच्या हॉलमधल्या छायाचित्रकाराचा ट्रिगर त्याच जातीचा आणि त्याच चॅनेलवर असेल, तर तो आपले फ्लॅश पेटवितो, आणि आपण कळ दाबतो त्या क्षणी ते पुरते भरलेले नसतात. ऑप्टिकल स्लेव्हवर ठेवलेला फ्लॅश तर पाहुण्यांच्या कॅमेऱ्याच्या चमकेनेही पेटतो. तेव्हा मंडळी स्टेजवर चढण्यापूर्वी चॅनेल आणि आयडी बदलून घ्यावेत, ऑप्टिकल स्लेव्ह बंद करावा, आणि प्रत्येक फ्लॅश एकटा पेटवून त्याचे माप कागदावर टिपून ठेवावे.